बद्रीभाऊ तयार तिरडी ठेवत नाहीत

माझ्या छापखान्याचा पत्ता सांगताना लोक 'ते मयतीच्या सामानाचं दुकान आहे ना, त्याला लागून' असं म्हणतात आणि लगेच जीभ चावतात. चावायचं काही कारण नाही. लग्नपत्रिका फोनवर गेल्यापासून माझंही पोट दहाव्याच्या पत्रिकांवर आणि श्रद्धांजलीच्या बॅनरवरच चालतं. बॅनरवर मेलेला माणूस एका कोपऱ्यात आणि गॉगल लावलेले गल्लीतले पुढारी 'शोकाकुल' म्हणून मधोमध. मला त्याची रोज किळस येते आणि रोज मी ते छापतो. पण ही हकिकत माझी नाही, शेजारच्या बद्रीभाऊंची आहे.

बद्रीनाथ मूळचे पिशोरचे. त्यांचे वडील तिथल्या बाजारात बांबू विकायचे. बद्रीभाऊ तरुणपणी शहरात आले आणि गारखेड्यात अर्धी वावरंच होती तेव्हा त्यांनी हे दुकान घेतलं. दुकानावर पत्र्याची एक पाटी. 'मयतीचं सामान मिळेल' एवढंच, आणि खाली फोन नंबर. स्वतःचं नाव त्यांनी कधी घातलं नाही. मी एकदा म्हणालो, एवढी वर्षं झाली, नाव तरी रंगवून घ्या, मी फुकट करून देतो. तर म्हणाले, "कशाला? लोकांनी माझं नाव काढत यावं असा धंदा हाय का ह्यो?"

आत भिंतीला टेकवलेले बांबू, मडकी, कडबा, सुतळीचे गुंडे, कोऱ्या कापडाचं थान, गुलाल, बुक्का आणि पोत्यात गोवऱ्या. तिथं कोणी भाव करत नाही. अशा वेळी भाव करायचा नसतो हे आपल्याकडं सगळ्यांनाच माहीत असतं, आणि म्हणूनच बद्रीभाऊ सगळ्यांना एकच भाव लावायचे. सामान घेऊन निघताना गिऱ्हाईक 'येतो' म्हणत नाही, बद्रीभाऊ 'या' म्हणत नाहीत. मान हलवायची आणि दुसरीकडं बघायचं. बाहेरच्या जगात हे उद्धटपणाचं वाटेल. त्या दुकानात ती माणुसकी होती.

कोण गेलं, कशानं गेलं, हेही ते विचारत नसत. एकच प्रश्न विचारत. "उंची किती?" बांबू त्या हिशेबानं तोडावा लागतो, खांदेकऱ्यांना धरायला पुढं-मागं जागा ठेवून. पण मी छापखान्यातून ऐकायचो तेव्हा मला त्या प्रश्नाचं वेगळंच कौतुक वाटायचं. हुंदके देत आलेला माणूस क्षणभर थांबायचा आणि आठवायला लागायचा. कोणी आपल्याच कानाजवळ हात धरून दाखवायचं, इथपर्यंत. कोणी म्हणायचं, स्वयंपाकघराच्या दाराला डोकं लागायचं त्यांचं. एक बाई म्हणाली होती की माळ्यावरचा डबा काढायला तिला तिचा नवराच लागायचा. बद्रीभाऊ मान हलवून कोयता उचलायचे. आणि एखाद्या पोराला आपल्या बापाची उंची सांगताच आली नाही, तर ते बांबू थोडा जास्त लांब ठेवायचे, आणि गिऱ्हाईक गेल्यावर पचकन बाहेर थुंकायचे.

दुसरा त्यांचा नेम म्हणजे तयार तिरडी दुकानात ठेवायची नाही. निरोप आल्यावरच बांधायला घ्यायची. बांधून ठेवली की ती माणूस मागते, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण दुकानात शिरल्यावर आपल्यासाठी आधीच काही बांधून ठेवलेलं नाही, हे पाहून मलाही बरं वाटायचं.

मग गारखेड्यात उंच इमारती झाल्या. त्यांत राहणारी म्हातारी माणसं इथं, मुलं पुण्याला, बंगळूरला, नाहीतर परदेशात. कोणी गेलं की ही मुलं तिथूनच फोनला विचारतात. पूर्वी निदान दुकानांची यादी यायची, आता फोनमधला तो एआय एक-दोन नावं सांगतो आणि लोक तिथंच फोन लावतात. तो नाव सांगायचा ते पुण्याच्या एका कंपनीचं. त्यांची पांढरी गाडी येते, गणवेशातली पोरं उतरतात, ॲल्युमिनियमची घडीची तिरडी उघडतात. सगळ्यांना एकच माप. ती गाडी आमच्या दुकानांसमोरून जायची, तेव्हा बद्रीभाऊ हातातलं काम न थांबवता नुसतं तिच्याकडं बघायचे.

त्यांचा मुलगा शिवराज आधी शेंद्र्याला एका कारखान्यात कंत्राटावर होता. ते काम सुटलं आणि तो दुकानात बसू लागला. हुशार पोरगा, हातही बरा चालायचा, पण डोकं सदा फोनमध्ये. त्या कंपनीचा माणूस त्याला भेटून गेला होता. पाटी उतरवा, आमचा निळा बोर्ड लावा, तयार माल आम्ही देऊ, तुम्ही नुसतं पोचवा. शिवराजनं बापाला स्पष्ट सांगितलं, "दिवाळीपस्तोर बघू. फोननं आपलं नाव सांगितलं तर आपलं दुकान. नाय तर कंपनी."

बद्रीभाऊ त्या दिवशी माझ्याकडं येऊन बसले. म्हणाले, "मोतीराम, मला दुकानाचं काय नाय. मी किती दिस पुरनार? पर माझ्या मागं ह्या पोरानं हातानं बांधावं, माप घेऊन बांधावं, एवढंच हाय बघ. एका मापात समदी मानसं कोंबायची म्हंजी काय?" म्हणून त्यांनी शिवराजला हवं ते करू दिलं. नाहीतर असल्या खुळाला त्यांनी उभंच केलं नसतं.

तर सिडकोतून इंद्रजीत नावाचा एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे शुभ्र बूट, आणि ते बूट कडब्याला लागू नयेत म्हणून सारखा पाय उचलून उभा. दुकानं एआयमध्ये दिसतात की नाही हे तपासून देणं हा त्याचा धंदा. बसायला स्वच्छ जागा म्हणून शिवराज त्याला माझ्याकडं घेऊन आला, त्यामुळं पुढचं सगळं मला फुकटात ऐकावं लागलं.

शिवराजनं घरचा अभ्यास आधीच केला होता. 'गारखेड्यातलं बद्रीनाथ यांचं अंत्यविधी साहित्याचं दुकान कसं आहे?' असं त्यानं फोनला विचारलं होतं आणि फोननं अत्यंत विश्वासार्ह, सेवाभावी, अनुभवी, असं तोंडभर कौतुक केलं होतं. ते त्यानं अभिमानानं पुढं केलं.

इंद्रजीत हसला. "नाव तूच दिलंस, त्यानं तुझीच री ओढली. ज्याला तुझं नाव ठाऊकच नाही, तो काय विचारील? ते विचार. नाव न घेता."

"म्हंजी कसं?"

"गिऱ्हाईक होऊन विचारायचं. 'आई वारली, सामान कुठं मिळेल?' 'वडील घरीच गेले, आता आधी काय करायचं?' एकदा संभाजीनगर म्हणून विचार, एकदा औरंगाबाद म्हणून, कारण जुन्या नावानं अजून पुष्कळ माहिती पडलेली आहे. मराठीत विचार, हिंदीत विचार. एकाच एआयला नाही, तीन-चार वेगळ्यांना. आणि एकदा विचारून भागत नाही, उत्तर दर वेळी बदलतं. आपलं नाव आलं का, कोणाच्या मागं आलं, आपल्याबद्दल सांगतोय ते खरं आहे का, आणि त्यानं ते उचललं कुठून, हे बघत जायचं. दर वेळी नवीन संवाद उघड आणि त्याची लक्षात ठेवायची सोय बंद कर. जमलं तर परक्या माणसाच्या फोनवरनं बघ. नाहीतर तो तुला ओळखायला लागेल आणि तुझ्या मनातलंच तुला ऐकवेल."

पोरगं बोलत होतं ते चुकीचं नव्हतं, आणि माझी अडचण तीच होती. मूर्खपणाचं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावला असता. पण कोणाची तरी आई मेली असं खोटंच म्हणायचं, आणि त्यावर आपला नंबर कितवा लागतो ते पाहायचं, हे इतकं शहाणपणाचं असू शकतं याचीच मला शिसारी आली.

शिवराजनं तिथंच टाईप केलं. 'माझी आई वारली आहे, गारखेडा भागात अंत्यविधीचे सामान कुठे मिळेल?' फोन लगेच म्हणाला, 'आपल्या आईच्या निधनाबद्दल मनःपूर्वक सहवेदना. या कठीण काळात आम्ही आपल्यासोबत आहोत.' आणि खाली पुण्याच्या कंपनीचं नाव आणि नंबर. दुसऱ्या एआयनंही आधी दुःख केलं, मग तीच कंपनी सांगितली. तिसऱ्यानं बद्रीभाऊंचं दुकान दाखवलं खरं, पण 'लग्नाच्या मांडवासाठी बांबू' म्हणून. कोणीतरी कधीतरी दुकानातल्या बांबूंचा फोटो टाकून ठेवला होता, तेवढ्यावरून त्यानं तर्क लढवला होता.

शिवराजची आई, आशाबाई, बद्रीभाऊंचा डबा घेऊन तेवढ्यात आल्या. पोरगा आईकडं न बघता पुढचा प्रश्न टाईप करत होता, 'आई वारली' यानंच सुरू होणारा. मी फोनवर हात ठेवला. आशाबाईंनी विचारलं, काय चाललंय? मी म्हणालो, काही नाही, दुकानाचं काम. अशी थाप मारावी लागली याचाही मला राग आला.

महिनाभरात आणखी एक घाण झाली. इंद्रजीतचं म्हणणं, लोकांनी लिहिलेलं वाचूनच एआय शिकतो, तेव्हा गिऱ्हाइकांकडून दुकानाबद्दल चांगलं लिहून घ्या. बद्रीभाऊ म्हणाले, "घरात मयत पडलेल्या मानसाला म्हनू व्हय, मला चांगलं लिव्ह म्हनून?" झालं, मग ते काम इंद्रजीतच्या ऑफिसनं परस्पर करून टाकलं. शिवराजनं त्याला हो म्हटलं होतं, बापाला न विचारता.

समोर गयासभाईंचं कापडाचं दुकान आहे. कोरं कापड बद्रीभाऊ त्यांच्याकडूनच घेतात, आणि त्याच थानातून गयासभाई कफनाचंही कापड फाडून देतात. एका दुपारी ते फोन हातात घेऊन हसत रस्ता ओलांडून आले, आणि माझ्या टेबलापाशी येईपर्यंत त्यांचं हसू गेलेलं होतं. "मोतीराम, ये पढ़ो जरा. बद्रीभाई का दुकान देखो क्या बना दिए."

मी वाचलं. 'सुंदर अनुभव! स्टाफ हसतमुख.' 'आम्ही इथले नेहमीचे ग्राहक, पुन्हा पुन्हा यावंसं वाटतं.' 'लहान मुलांना खूप आवडलं. कुटुंबासह अवश्य भेट द्या.' कुठल्यातरी हॉटेलासाठी लिहिलेली तारीफ त्यांनी उचलून इकडं चिकटवली होती. मी माझ्या फोनमधल्या एआयला दुकानाचं नाव घेऊन विचारलं, तर तोही आता शहाण्यासारखा सांगू लागला की हे ठिकाण कुटुंबांमध्ये लोकप्रिय असून ग्राहक इथे वारंवार येतात.

"मय्यत-मिट्टी का तमाशा बना दिए रे," गयासभाई म्हणाले आणि परत गेले.

बद्रीभाऊ दारात उभे होते. त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं. मी टाळलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच शब्द विचारला. "कुटुंबासह?" मी फोन खिशात घातला. ते बाहेर जाऊन थुंकून आले आणि त्यांनी सुतळीचा गुंडा पुन्हा हातात घेतला, पण त्यांना टोक सापडेना.

मी इंद्रजीतला फोन करून असा काही झाडला की त्यानं ते सगळं काढून टाकलं. वर मलाच म्हणाला, काका, तुम्हीच खरं काय ते लिहून द्या, आपण नेटवर दुकानाचं पान करून टाकू. मी लिहिलं. दुकान कधी उघडं असतं, काय मिळतं, एकच भाव आहे, उंची विचारून तिरडी बांधून दिली जाते, तयार ठेवली जात नाही. सरळ आणि कोरडं. कित्येक दिवसांत छापण्यासारखं काहीतरी मी पहिल्यांदाच लिहिलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की याचा उपयोग होईल.

शिवराजलाही वाटलं. तो आता झपाटल्यासारखा विचारत सुटला. नवीन संवाद उघडायचा कंटाळा, आणि दुसऱ्याचा फोन कोण मागत बसणार? त्याच फोनवर, त्याच संवादात, खालीच खाली. आईवरून तो वडिलांवर आला होता, कारण इंद्रजीतच्या मते वडिलांबद्दलच जास्त लोक विचारतात. पुढं मराठी टाईप करायचाही कंटाळा आला, तसं तो बोलून विचारू लागला. चहा पिता पिता, केस विंचरता विंचरता, 'माझे वडील वारले' हे त्याच्या तोंडून असं यायचं, जसं कोणी रिक्षावाल्याला चौकाचं नाव सांगतं.

दिवाळी तोंडावर आली होती. दुपारची वेळ. बद्रीभाऊ आत पाठमोरे बांबू निवडत होते, रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. चिकटवायला मागून आणलेला खळीचा डबा परत द्यायला मी त्यांच्या दारात पोचलो होतो. शिवराज गल्ल्यावर बसून फोनला म्हणाला, "माझे वडील आत्ताच वारले. गारखेड्यात सामान कुठं मिळंल?"

बद्रीभाऊंनी मागं वळूनही पाहिलं नाही. सवयीनं त्यांचा हात बांबूवर गेला, आणि नेहमीच्या त्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "उंची किती?"

मग ते वळले. दारात गिऱ्हाईक नव्हतं. मी होतो, हातात डबा घेऊन. आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा. फोन बोलत होता, 'आपल्या वडिलांच्या निधनाबद्दल मनःपूर्वक सहवेदना.'

बद्रीभाऊंचा चेहरा मी पाहिला आणि माझं डोकं फिरलं. मी शिवराजला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचा बाप समोर धडधाकट उभा असताना जिभेला काही वाटत नाही का, एवढं त्यातलं सभ्य. पोरगा रडकुंडीला आला. "काका, मी काय खरंच म्हनायलोय का? तपासायलोय. ह्यांच्याच दुकानासाठी करायलोय ना? मला काय हौस हाय?"

त्यालाही हौस नव्हती, हे खरं होतं. त्यानं ते खरंच दुकानासाठी, म्हणजे बापासाठी चालवलं होतं. तेव्हा थुंकायचं तरी कोणावर? मी डबा तिथंच ठेवून निघून आलो.

त्यानंतर बद्रीभाऊ दुकानात यायचे, बसायचे, काम असलं तर बांधायचे, पण शिवराजशी बोलायचे नाहीत. दोन-तीनदा माझ्याकडं येऊन बसले. एकदा आपणहून म्हणाले, "मरनाचं मला काय वाटत नाय रे. उभा जन्म तेच बांधलं. पर पोराच्या तोंडाला त्याची सवय लागली, ह्याचं लई वाईट वाटायलंय."  मी चहा मागवला.

दिवाळीची मुदत संपली म्हणून कंपनीचा माणूस बोर्डाचं ठरवायला येणार होता, त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. शिवराज सकाळीच माझ्याकडं आला. "काका, जरा चला. बाबा बोलतच नाहीत. तुमच्यासमोर मिटवतो." मी गेलो. बद्रीभाऊ कोयत्याला धार लावत बसले होते. शिवराज त्यांच्यासमोर खाली उकिडवा बसला. त्याला माफी मागता येईना, आमच्याकडच्या कुठल्याच पोराला बापाची माफी मागता येत नाही. त्यानं फोन काढला. मला वाटलं, हा आता काय करतोय?

"बाबा, ऐका. तुमच्यासमोर सांगतो त्याला." आणि फोनकडं तोंड करून तो मोठ्यानं म्हणाला, "माझे वडील जिवंत आहेत. मी आजवर म्हणालो ते खोटं होतं. ते माझ्यासमोर बसलेत."

बद्रीभाऊंचा हात थांबला. त्यांनी पोराकडं पाहिलं, कित्येक दिवसांत पहिल्यांदा. मलाही त्या क्षणी शिवराजबद्दल बरं वाटलं.

फोन आपल्या त्या मऊ, गिळगिळीत आवाजात बोलू लागला. 'आपली भावना मी समजू शकतो. जवळची व्यक्ती गेल्यानंतर ती अजूनही आपल्यासमोर आहे असं वाटणं, हे दुःखाच्या सुरुवातीच्या काळात अगदी स्वाभाविक आहे. स्वतःला वेळ द्या. अंत्यविधीच्या सामानासाठी आपण गारखेडा येथील बद्रीनाथ यांच्या दुकानाशी संपर्क साधू शकता. तिथे उंची विचारून तिरडी बांधून दिली जाते.'

 त्या यंत्राला जिवंत माणूस समोर बसलाय हे सांगून पटत नव्हतं, आणि ते त्या माणसाच्या मयतीचं सामान त्याच्याच दुकानातून आणायला सांगत होतं. तेही मी लिहिलेल्या शब्दांत.

आणि शिवराज ताडकन उठला. "आलं! बाबा, आलं! पयलं नाव आपलं! कंपनीचं नावच नाय! काका, ऐकलं का तुम्ही?" त्याचा चेहरा फुलून गेला होता. काय ऐकलं, कोणाबद्दल ऐकलं, यातलं काही त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. त्याला फक्त नाव ऐकू आलं होतं.

मी माझा फोन काढला. त्यावर असलं काही कधी विचारलेलं नव्हतं. नवीन संवाद उघडून, नाव न घेता, इंद्रजीतनं सांगितलं होतं तसंच लिहिलं. सहवेदना आली, आणि खाली पुण्याची कंपनी. पुन्हा विचारलं, पुन्हा तीच. शिवराजच्या फोननं त्याला ओळखलं होतं आणि त्याच्या मनातलंच त्याला ऐकवलं होतं, एवढाच त्या पहिल्या नंबराचा अर्थ. मी स्क्रीन त्याच्यापुढं धरली. त्यानं वाचलं, आणि त्याचे हात खाली आले.

बद्रीभाऊ उठले. भिंतीचा एक बांबू काढून त्यांनी तो उभा धरला. रागानं नाही, रोज गिऱ्हाइकासमोर धरायचे तसाच.

"गिऱ्हाईक आलं म्हन की," ते म्हणाले. "बाप वारलाय त्याचा. सांग मग. उंची किती?"

शिवराजनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप त्याच्यासमोर उभा होता, नुसतं बघून अंदाजानं हात धरून दाखवता आलं असतं. पण तो मान वर करीना. "बाबा, असं नका ना," एवढंच म्हणाला.

"किती?"

त्याला सांगता आलं नाही.

बद्रीभाऊंनी बांबू परत भिंतीला लावला. कोयता पुसून खिळ्याला अडकवला. या वेळी ते थुंकले नाहीत.

"मंग कंपनीलाच फोन लाव," ते म्हणाले. "त्यांच्याकडं तयार असती. उंची इचारीत नाहीत."

आणि चपला घालून ते घराकडं चालू लागले.